जागल

हरभरा निघून वीस दिवस झाले.
वावरात आता घाटा नाही, कुटार नाही,
तरी रात्री नऊ वाजले की भोंगा सुरू होतो:
हौऽऽऽ हट्, हौऽऽऽ हट्,
मग डब्याचे तीन ठोके, मग कुत्रं,
मग पुन्हा हौऽऽऽ.

आवाज उकंडाकाकाचा आहे.
किसना आत्रामनं मेमरी कार्डात भरून घेतलेला,
काका मचाणावरून पडायच्या आदल्या हंगामात.
आता काका ओसरीत बाजेवर, कमरेखाली मुका,
अर्ध्या कोसावरून
स्वतःचंच ओरडणं ऐकत पडलेला.

शनिवारी मी घाटंजीहून येते.
कॉलेजात काय शिकवते ते त्याला ठाऊक आहे,
म्हणून यंदा त्यानं सरळच विचारलं,
"विळ्यानं बोट कापलं होतं तवा
मुंग्या येऊ येऊ जुळलं ना वो बाई?
मंग पाठीचं काहून नाई?"

मी अंड्यापासून सुरुवात केली.
उबवणीला तीन दिवस झालेलं अंडं.
आत पिल्लाच्या पाठीवर वाफे पडतात, ओळीनं, इवलेसे.
प्रत्येक वाफ्याचा पुढचा अर्धा भाग मोकळा,
मागच्या अर्ध्यात पुढं हाड धरायचं असतं.
मधून तंतू निघतो.
त्याला डोळे नसतात. टोकाला पंजा असतो,
पंजाला मांजराच्या मिशीहून बारीक बोटं,
आणि तो चाचपत जातो.
मागच्या अर्ध्याला बोट लागलं
की तिथली पेशी म्हणते, नको.
पंजा मिटतो. मागं सरतो. थोडा वेळ नुसता पडून राहतो.
मग बाजूनं पुन्हा एक बोट.
‘ये’ म्हणणारेही असतात वाटेत,
पण वळणं बहुतेक ‘नको’नंच पडलेली.

काका हसला. "म्हंजे डुकरावानी.
तुरीत मी न्हाव्याकडचे केस टांगले,
धुऱ्यावर लुगडी बांधली, दोरीले रॉकेल चोपडलं.
नाल्याची वाट त्याले कोनी दाखवली?
नाई नाई आयकूनच ते तिथं पोचलं."

हो काका.
बोटातली वाट जुनीच होती, रान शांत होतं,
तंतू दिवसाला तांदळाच्या जाडीएवढा सरकत आला.
पाठीत तसं नाही.
तिथं सगळं बांधून झालं की राखणदार बसवतात,
कुणी भलतीकडे फुटू नये म्हणून. ते बरोबरच असतं.
मग एक दिवस तुटतं.
तुटलेली टोकं जखमेच्या धुऱ्यापर्यंत येतात
आणि राखणदार ओरडतात.
मी फोटोत पाहिलीत ती टोकं:
मेलेली नाहीत,
न उकललेल्या बोंडासारखी, फुगून, मिटून.

"पीक निंगालं तरी वरडतेत?"
निंगालं तरी.
"मंग त्याह्यले कोनी बंद काहून नाई करत?"

उंदरांत थोडं जमलंय, मी म्हटलं.
माणसाचं
मी पुढं काही बोलले नाही.
काकानं भिंतीकडे मान वळवली.
हौऽऽऽ हट्.

जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन गेले.
भोंगा टेंभुर्णीच्या खुंटावर, वर सोलरची पाटी, धुळीनं माखलेली.
तार उपसली.
काका ‘हौ’च्या मध्येच थांबला.
मोहाखाली फुलं पडत होती, एकेक, टप्प,
आधी ती ऐकूच येत नव्हती.

परत आले तर तो जागाच.
"काढली?"
हं.
"किसना कटकट करन."
करू दे.
मग बराच वेळ आम्ही दोघं ऐकत राहिलो,
कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

सकाळी जाऊन खूर पाहिले.
सात-आठ जनावरं असतील.
वावर उघडं, कुणी हाकलणारं नाही,
तरी सगळी जुन्या सवयीनं धुऱ्याधुऱ्यानंच गेलेली.
एकच लहान खूर मधून,
कापलेल्या बुडख्यांवरून आडवा,
दोनदा थांबलेला, एकदा गोल फिरलेला.

काकाला सांगितलं.
त्यानं विचारलं, "कुठवर गेलं?"
बोरीच्या झुडपापर्यंत, मी म्हटलं.
तिथून पुढं माती कडक होती,
दिसलं नाही.